सल्ला : आईंच्या खोलीतला कॉम्प्युटर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मुलुंडला राहते. वय 49, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं. त्यांना अल्झायमर होता. माझ्या शाळेच्या वेळेपुरती बाई ठेवली होती, बाकी शेवटची सहा-सात वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. हे सकाळी लोकल पकडायचे ते रात्रीच परत यायचे.

मुलगा आता बंगळुरूला शिकतो. त्याचा गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर आईंच्या रिकाम्या खोलीत पडून होता. दिवाळीत आला तेव्हा त्यानेच त्यात फोल्डिंग ॲट होम टाकून दिलं. आपला कॉम्प्युटर रिकामा असताना औषधांच्या संशोधनाची गणितं करतो, असं म्हणाला. अल्झायमर निवडता येतं हे कळल्यावर मी तेच निवडलं. तेव्हापासून तो रात्रंदिवस चालू आहे. मध्यरात्री जाग आली की मी जाऊन बघते, किती टक्के झालं.

यांना हे पसंत नाही. म्हणतात, "बिल बघितलंस का? अमेरिकेतल्या विद्यापीठाची वीज आपण का भरायची? द्यायचंच असेल तर टाटाला पैसे दे, निदान कुणाच्या पोटात तरी जाईल." नणंद म्हणते, नवीन खूळ. जाऊबाईंनी साधं विचारलं, का करतेस गं? मला उत्तर देता आलं नाही.

खरं उत्तर असं. शेवटच्या वर्षी एका रात्री आई सारख्या दाराची कडी काढत होत्या. "मला गिरगावला जायचंय, आई वाट बघत असेल." मी दहा वेळा समजावलं आणि मग नको नको ते बोलले. खूप ओरडले. त्या भिंतीला पाठ लावून लहान मुलीसारख्या बसून राहिल्या. सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. मला आठवतं. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

अशा कारणासाठी केलेल्या मदतीला मदत म्हणायचं का? तिचा खरंच काही उपयोग होतो का? आणि आमच्या शाळेच्या लॅबमधले कॉम्प्युटर सुट्टीत बंदच असतात, त्यांवरही टाकू का?

— एक वाचक, मुलुंड

प्रिय ताई,

शाळेचं आधी सांगते, कारण ते एका दमात सांगून होतं. नको. मुख्याध्यापक आणि संस्था यांची लेखी परवानगी असल्याशिवाय शाळेच्या एकाही मशीनवर काही टाकू नका. वीज त्यांची, यंत्रं त्यांची, आणि उद्या काही बिघडलं तर नाव तुमचं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसाने कॉलेजच्या कॉम्प्युटरवर असाच, रिकाम्या वेळात गणितं करणारा एक प्रोग्रॅम टाकला होता. त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला आणि 2002 साली तडजोड होऊन तो सुटला तोही प्रोबेशनवर. हेतू चांगला असला तरी यंत्र दुसऱ्याचं असतं. तुम्ही नोकरी करणारी बाई आहात, हा धोका पत्करायचं काही कारण नाही.

आता उपयोगाचं. तुमच्या मिस्टरांच्या मनातही हाच प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हा भाग त्यांना वाचायला दिलात तरी चालेल.

आपल्या शरीरातली बहुतेक सगळी कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. ती माळ स्वतःभोवती गुंडाळली जाते, दुमडते आणि तिला एक ठरावीक आकार येतो. त्या आकारावर तिचं काम अवलंबून असतं. दुमडणं चुकलं तर काम बिघडतं, आणि कधी कधी चुकलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. अल्झायमरमध्ये मेंदूत जे गठ्ठे सापडतात त्यांतला एक प्रकार अमायलॉइड बीटा नावाच्या तुकड्यांचा असतो. हे तुकडे साधारण 40-42 अमिनो आम्लांचे, म्हणजे अगदी छोटे. ते कसे हलतात, कधी एकमेकांना धरतात, त्यांना मध्येच अडवता येईल का, हे बघायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक अणूची हालचाल मांडून बघावी लागते.

इथे अडचण येते ती वेळेची. अणूंची हालचाल बरोबर पकडायची तर एका सेकंदाच्या लाखव्या भागाने चालत नाही, त्याहून कितीतरी बारीक पावलं टाकावी लागतात. एक पाऊल साधारण दोन फेमटोसेकंदांचं. (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग.) प्रथिनाच्या आयुष्यातला एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, बघायला अशी 50,000 कोटी पावलं मोजावी लागतात, आणि प्रत्येक पावलाला हजारो अणूंचं गणित नव्याने. एका मशीनवर बसून हे करायचं म्हणजे वर्षानुवर्षं गेली. म्हणून या लोकांनी कामाचे तुकडे केले. गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला घराघरांतून पोळ्या लाटून मागवतात ना, तसं. कुणा एकीच्या ओट्यावर हजार पोळ्या होत नाहीत, पण वीस-वीस प्रत्येकीला जमतात. तुमच्या कॉम्प्युटरवर जो टक्क्यांचा पट्टा सरकताना दिसतो तो असा एक तुकडा आहे. तो पूर्ण झाला की आपोआप परत जातो आणि पुढचा येतो. तिकडे हजारो लोकांकडून आलेले छोटे छोटे तुकडे संख्याशास्त्राने जोडून मोठं चित्र तयार करतात.

फोल्डिंग ॲट होम 2000 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी सुरू केलं. सध्या ग्रेग बोमन ते चालवतात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून. 2020 च्या मार्चमध्ये, आपण सगळे घरात कोंडले गेलो होतो तेव्हा, जगभरातून इतक्या लोकांनी आपले कॉम्प्युटर जोडले की या जाळ्याने सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांचा टप्पा ओलांडला. जगात हा टप्पा गाठणारी ती पहिली यंत्रणा. कुठल्याही सरकारच्या महासंगणकाने तोवर तो गाठला नव्हता. त्या ताकदीवर कोरोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाचं उघडणं त्यांना बघता आलं, आणि एरवी न दिसणारे, औषध जाऊन बसू शकेल असे लपलेले खळगेही सापडले. ते 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी इबोलाच्या एका प्रथिनातल्या अशाच लपलेल्या खळग्याबद्दल बोमन यांच्या गटाने लिहिलं. त्या प्रथिनात औषधाला जागाच नाही असं आधी वाटायचं.

"अमेरिकेतल्या विद्यापीठाची वीज" या मुद्द्याला माझं उत्तर हे आहे की निष्कर्ष ते उघडपणे प्रसिद्ध करतात. परळच्या प्रयोगशाळेत बसलेल्या मुलीलाही ते वाचता येतात, तिच्या कामाला लावता येतात. कोव्हिड मूनशॉट नावाचा औषध शोधण्याचा उपक्रम तर पेटंट न घेण्याच्या अटीवरच चालला आणि त्यातही या जाळ्यावरची गणितं वापरली गेली.

हल्ली कुणी असंही म्हणेल की एआयने प्रथिनांचं कोडं सोडवलं, आता याची गरज काय? 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याच कामाला, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, मिळाला हे खरं आहे. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना, कॉम्प्युटरवर नवी प्रथिनं रचण्यासाठी. पण एआयच्या त्या कामातून प्रामुख्याने कळतो तो प्रथिनाचा आकार, जणू स्थिर उभं असताना काढलेला फोटो. प्रथिनं जिवंत शरीरात सतत हलत असतात, आणि औषधाला जागा कधी कधी त्या हलण्यातच क्षणभर उघडते. तो क्षण पकडायला अजून हीच लांबलचक गणितं लागतात. (आणि ज्यांना नोबेल मिळालं त्या बेकर यांच्या प्रयोगशाळेचाही रोझेटा ॲट होम नावाचा उपक्रम लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच उभा राहिला, 2005 पासून.)

आता दुसरी बाजू, कारण तुम्हाला खोटी आशा लावून मला झोप येणार नाही. पंचवीस वर्षं हे काम चाललं आहे आणि त्यातून अल्झायमर बरा करणारी गोळी निघालेली नाही. कुठूनच निघालेली नाही. मूलभूत संशोधन असंच असतं. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी जपानमधल्या चिबा इथल्या संशोधकांनी वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर, म्हणजे अशाच दुसऱ्या जाळ्यावर, 30 लाख रसायनं तपासली. 2014 मध्ये त्यांनी त्यांतली सात आशादायक असल्याचं जाहीर केलं. तीस लाखांतून सात, आणि ती सातही अजून औषधं नव्हेत, औषधाचे उमेदवार. तिथून पुढे प्राण्यांवर चाचण्या, माणसांवर चाचण्या, वर्षांवर वर्षं. तुमच्या खोलीतून निघालेला तुकडा या रांगेच्या अगदी सुरुवातीला उभा आहे. तो नसता तर काही अडलं असतं का? तुमच्या एकटीच्या तुकड्याने नाही. सगळ्यांनीच असं म्हटलं असतं तर अडलं असतं.

मिस्टरांच्या टाटाच्या मुद्द्याला मी हलकं लेखणार नाही. परळला टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर आजही बाहेरगावहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं पथारी टाकून असतात. त्यांना आज जेवण, आज औषधाचे पैसे लागतात. कॉम्प्युटरने आजचं काहीच भागत नाही. पैसा मोजकाच असेल आणि दोन्हींतलं एकच करायचं असेल, तर मी तुम्हाला तिकडेच पाठवीन. पण तुमच्या घरी प्रश्न असा नाहीये. बिल आटोक्यात आणलंत तर दोन्ही होण्यासारखं आहे. म्हणून आधी बिलच धरू.

आणि बिलाबाबत मिस्टर बरोबर आहेत, ताई. गेम खेळायचा कॉम्प्युटर साधा नसतो. ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालायला लागलं की नुसत्या चालू असलेल्या कॉम्प्युटरपेक्षा 300 वॅट जास्त खाणं त्याला काही अवघड नाही. रात्रंदिवस चालवला तर दिवसाला 7.2 युनिट, महिन्याला 216. अनेक घरांचा सगळा वापरच तेवढा असतो! शिवाय आपल्याकडे युनिटचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत त्याहून जास्त, पाचशेपर्यंत आणखी जास्त. हे वाढीव 216 तुमच्या फ्रीज-पंख्यांच्या वरती जाऊन बसतात, म्हणजे ते सगळ्यात महाग दराने लागतात. त्यात आपली बरीचशी वीज कोळशाची. तेव्हा रात्रंदिवस चालू ठेवणं आधी बंद करा.

लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, प्लगमध्ये लावून वॅट दाखवणारं छोटं मीटर मिळतं. ते मिस्टरांना आणायला सांगा आणि त्यांनाच लावू द्या. कॉम्प्युटर नुसता चालू असताना किती, काम करताना किती, दोन्ही आकडे कागदावर लिहा. अंदाजावर भांडण होतं, आकडा समोर असला की निदान बोलणं होतं. मग मुलाला फोन करून दोन गोष्टी करून घ्या. एक, ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट 70 टक्क्यांच्या आसपास आणायची. वीज बरीच कमी लागते आणि काम त्या मानाने फारसं घटत नाही. दोन, वेळ बांधून द्यायची. दिवसाला चार तास म्हटलंत तर 300 वॅटच्या हिशेबानेही महिन्याला 36 युनिट होतात, लिमिट कमी केल्यावर त्याहूनही कमी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात बंदच ठेवा, कारण तो कॉम्प्युटर खोली तापवतो आणि मग त्या खोलीतली गरमी घालवायला पुन्हा वीज. पावसाळ्यानंतर एकदा पाठचं झाकण काढून धूळ पुसून घ्या. मुलुंडला रस्त्याची धूळ काय कमी आहे! आणि हो, असले प्रोग्रॅम मूळ साइटवरूनच घ्यायचे. "संशोधनाला मदत करा आणि पैसे कमवा" म्हणणाऱ्या कुठल्याही ॲपला हात लावू नका.

एवढं झालं की बिलाचा मुद्दा मिटतो. पण मला वाटत नाही की तुमच्या घरातला मुद्दा बिलाचा आहे.

तुमचा खरा प्रश्न कारणाचा आहे. अपराधीपणातून केलेली मदत ही मदत का?

माझंच सांगते. माझ्या घरचा जुना लॅपटॉप काही वर्षं वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडला जोडलेला होता. 2004 मध्ये आयबीएमने ते सुरू केलं, 2021 पासून टोरांटोची क्रेम्बिल संशोधन संस्था बघते. त्यावर 2016 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचा टीबीवरचा प्रकल्प आला. टीबीच्या जंतूभोवती मेणासारखं एक जाड आवरण असतं, त्यामुळे औषधं आत शिरायला त्रास होतो. त्या आवरणातल्या रेणूंचा अभ्यास होता तो. मी त्याच दिवशी नाव घातलं, कारण माझी मावशी. लालबागच्या चाळीत राहायची. तिला टीबी झाला तेव्हा शिवडीच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. घरी परत आली तर तिचा कप वेगळा, ताट वेगळं, आणि आम्हा मुलांना तिच्या खोलीत जायची बंदी. ती बरी झाली होती, तरीही. ती खिडकीतून आमच्याकडे बघायची आणि आम्ही जिन्यात खेळायचो. जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे हे आकडे मला पाठ आहेत, पण आकड्यांसाठी मी लॅपटॉप जोडला नव्हता. मावशीच्या त्या वेगळ्या कपासाठी जोडला होता.

या विषयावर बोलताना मला भेटलेल्या माणसांची कारणं ऐकाल तर तुम्हाला बरं वाटेल. गिरगावातले एक निवृत्त गृहस्थ पार्किन्सनसाठी करतात, कारण त्यांचाच हात आता थरथरतो आणि सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत पाठवतात. कल्याणचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा प्रोग्रॅममध्ये कामाचे पॉइंट मिळतात, निव्वळ त्यांच्यासाठी करतो. मित्राच्या पुढे जायचंय, बस. एक नर्स म्हणाली, ड्यूटीवर आम्ही धावतो ते हातातल्या पेशंटसाठी, पुढच्यांसाठी काही करतेय असं घरी आल्यावर वाटावं म्हणून. आणि स्वतः बोमन, ज्यांच्या प्रकल्पाला तुमचा कॉम्प्युटर जोडलेला आहे, त्यांची बरीचशी दृष्टी लहानपणीच डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने गेली. प्रथिनांच्या बिघाडाकडे ते वळले त्यामागे ते एक कारण आहे असं ते सांगतात. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाचं कारणही घरचंच आहे, ताई. पोस्टरवर छापायचं "मानवजातीसाठी" हे कारण घेऊन आलेलं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही.

आणि त्या कल्याणच्या मुलाचा तुकडा, माझा तुकडा, तुमचा तुकडा, तिकडे सगळे सारखेच जोडले जातात. तेव्हा हो, ही मदतच आहे. आपल्याकडे माणसं आईवडिलांच्या तिथीला टाटाच्या बाहेर जेवण वाटतात, शाळेला पंखा देतात. त्यातल्या कितीजणांच्या मनात एखादी न बोललेली गोष्ट असते, कुणी विचारत नाही. मग तुमच्या एकटीकडूनच तेवढं शुद्ध कारण का मागायचं?

फक्त एका ओळीपाशी मी थांबले. मध्यरात्री उठून तुम्ही किती टक्के झालं ते बघता. ताई, ते बघून काम पुढे सरकत नाही. ते तुम्ही संशोधनासाठी बघत नाही आहात. सहा-सात वर्षं त्या खोलीत रात्री काही झालं तर धावायची तुमच्या अंगाला सवय आहे, आणि आता त्या खोलीत पुन्हा काहीतरी जागं आहे. मदत करा, पण स्वतःला शिक्षा म्हणून करू नका. शिक्षेचे शंभर टक्के कधी पूर्ण होत नाहीत.

त्या रात्रीबद्दल. "घरी जायचंय" हे डिमेन्शिया झालेली कितीतरी माणसं म्हणतात, स्वतःच्या घरात बसूनसुद्धा. संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते, दाराकडे जातात, कुणी लहानपणीच्या घराचं नाव घेतं. नव्या आठवणी साठवणारा भाग आधी जातो आणि जुनं घर मागे उरतं. तुम्ही दहा वेळा समजावलंत ते दहाही वेळा आईंपर्यंत पोचलं नसणार. हे त्या रात्री तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तुम्ही ओरडलात, ते झालं, ते पुसता येत नाही आणि मी पुसायला सांगतही नाही. पण त्या रात्रीच्या आधी आणि नंतर हजारो वेळा तुम्ही त्यांना भरवलंत, अंघोळ घातलीत, कडी लावलीत. त्याची आठवण फक्त तुमच्याकडेच आहे, तर तीही धरून ठेवा. असे ओरडलेले लोक काही थोडे नाहीत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1992 पासून या आजाराच्या पेशंट आणि घरच्यांसाठी काम करते, तिची मुंबईतही शाखा आहे. माणूस गेल्यावर तिथे जाऊन काय करायचं असं वाटेल. जा. तुमच्या तोंडून "मी ओरडले" हे ऐकून तिथली एकही बाई दचकणार नाही.

आणि मिस्टर. त्यांची ती आई होती. दिवसभर ते लोकलमध्ये आणि ऑफिसात, आणि आई त्यांना घरी आल्यावर कोण म्हणून विचारत असणार. त्यांनी तुमच्याकडे याबद्दल कधी काही बोलून दाखवलंय का? पत्रात तसं दिसत नाही. वर्षानुवर्षं त्या खोलीतून रात्री आवाज आला की घर जागं व्हायचं, आणि आता त्याच खोलीतून रात्रभर पंख्याची घरघर येते. तो आवाज त्यांना बिलाइतकाच बोचत असेल अशी मला दाट शंका आहे. "निदान कुणाच्या पोटात तरी जाईल" म्हणणारा माणूस मुळात नाही म्हणत नाहीये. त्यालाही आईसाठी काहीतरी द्यायचंय आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. कॉम्प्युटर मुलाने जोडला, आजार तुम्ही निवडलात, खोली आईंची.

तेव्हा जाऊबाईंना उत्तर द्यायची घाई नको. त्यांना "आईंसाठी" एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. पण मिस्टरांना सगळं सांगा. ती रात्रही. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. बिलाचा कागद काढू नका त्या वेळी. ते रागावतील, कदाचित गप्प बसतील, कदाचित त्यांच्याकडेही अशी एखादी रात्र निघेल. मग त्यांना विचारा की हे चालू ठेवायचं का, आणि ठेवायचं तर कुठल्या खोलीत, किती वेळ. आईंच्या तिथीला टाटाकडे काय द्यायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. त्या प्रोग्रॅममध्ये देणाऱ्याचं नाव घालायची सोय असते. नाव कुणाचं घालायचं, तेही त्यांच्याशी बोलून ठरवा. घालायलाच हवं असंही नाही.

आणि त्यांनी नको म्हटलं तर बंद करा. रागाने प्लग ओढू नका. प्रोग्रॅममध्ये हातातलं काम संपवून थांबायची सूचना देता येते, ती द्या. तो तुकडा पूर्ण होऊन परत जाईल, आणि त्यापुढचा तुकडा दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल.